लाल पोटाच्या पिरान्हांमधील आक्रमकता : घरच्या टाकीच्या प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर २०२२, श्टुटगार्टजवळ

लाल पोटाचे पिरान्हा एकाच टाकीत राहताना एकमेकांना का चावतात, आणि टाकीची मांडणी, प्रकाश, अन्न व पाणी यांत फेरफार करून हे चावे किती कमी करता येतात, हे पाहणे हा या प्रकल्पाचा हेतू आहे. चावरा मासा शोधून काढून टाकावा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो पुरेसा वाटत नाही. माझा अंदाज असा आहे की चाव्याचे मूळ माशाच्या स्वभावात कमी आणि त्याला मिळालेल्या परिस्थितीत जास्त असते, आणि पुढच्या नोंदी हा अंदाज तपासण्यासाठी ठेवत आहे.

प्रजाती पायगोसेंट्रस नाटेरेरी. रुडॉल्फ क्नेर यांनी १८५८ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि ब्राझीलमध्ये १८१७ पासून अठरा वर्षे प्राणी-पक्ष्यांचे नमुने गोळा करणाऱ्या योहान नाटेरेर या ऑस्ट्रियन निसर्ग-अभ्यासकाचे नाव तिला दिले. ॲमेझॉन, पाराग्वाय-पाराना आणि एसेकिबो या नद्यांची खोरी हे तिचे मूळ घर. पूर्ण वाढलेला मासा टाकीत २० ते २५ सेंटीमीटरपर्यंत जातो आणि नीट सांभाळल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो, म्हणजे हा निर्णय पुढच्या दशकाचा आहे, हे घरातल्या सर्वांशी बोलूनच ठरवले.

टाकी २०० × ६० × ६० सेंटीमीटरची, म्हणजे ७२० लिटरची आहे. पाणी, काच, वाळू, लाकूड आणि स्टँड मिळून वजन टनाच्या घरात जाते. टाकीखालची जागा जेमतेम १.२ चौरस मीटर असल्यामुळे तिथल्या जमिनीवर चौरस मीटरमागे ८०० किलोहून जास्त भार येतो, आणि राहत्या घरांचे मजले साधारणपणे १५० ते २०० किलोंचा भार गृहीत धरून बांधलेले असतात. म्हणून टाकी तळमजल्यावर, थेट काँक्रीटच्या जमिनीवर आणि घरमालकाची लेखी परवानगी घेऊन बसवली. आमच्याकडे बोडेन्झे सरोवराचे पाणी येते. त्याची कठीणता सुमारे ९ जर्मन अंश असल्याने ते या माशांना सहज मानवते.

२७ नोव्हेंबर २०२२

टाकीत अजून मासे नाहीत. फिल्टरमध्ये अमोनिया आणि त्यातून बनणारे नायट्राइट पचवणारे जिवाणू तयार व्हावेत म्हणून अमोनिया थोडा थोडा देत आहे, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच स्थिर राहिल्याशिवाय मासे आणायचे नाहीत. ही तयारी आक्रमकतेच्या विषयाबाहेरची नाही. अमोनियाने कल्ल्यांची आग होते, आणि श्वास अडखळत असलेल्या माशाचे इतरांशी वागणे बिघडते.

हीटर बाहेरच्या कॅनिस्टर फिल्टरच्या नळीवर बसवला आहे. पिरान्हा दचकून उसळी घेतात तेव्हा आतला काचेचा हीटर फुटू शकतो, आणि वीजवाहक तार त्यांच्या दातांच्या आवाक्यात असणे धोक्याचे आहे.

८ जानेवारी २०२३

आठ पिल्ले आणली. प्रत्येक सुमारे चार सेंटीमीटरचे असून अंग चंदेरी आणि त्यावर काळे ठिपके आहेत. पोटावरचा लाल रंग अजून फिका आहे.

आठ ही संख्या विचारपूर्वक ठरवली. हेल्डर केइरोस आणि ॲन मॅगुरन यांनी ब्राझीलमधील मामिराउआ राखीव क्षेत्रातल्या जंगली पिरान्हांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन, चार आणि आठ अशा गटांत ठेवलेल्या माशांच्या कल्ल्यांच्या हालचाली त्यांनी मोजल्या. लहान गटांतले मासे अधिक वेगाने श्वास घेत होते, आणि शिकाऱ्याच्या खोट्या हल्ल्यानंतर आठांच्या गटातले मासे दोघांच्या गटापेक्षा लवकर शांत झाले. पिरान्हा शिकारीसाठी कळप करतात, ही समजूत या निष्कर्षाने बरीच सैल होते. पूरजंगलात केमन मगरी, नदीतले डॉल्फिन, पाणकावळे आणि अरापाइमासारखे मोठे मासे त्यांना खातात, आणि कळप हा त्यांचा त्यापासूनचा आसरा असतो. टाकीत दोनच किंवा तीनच पिरान्हा ठेवणे म्हणजे त्यांचा तो आसरा काढून घेणे, आणि वर सगळा राग झेलण्यासाठी एकच दुबळा मासा शिल्लक ठेवणे.

दुकानातून निवडताना सर्वांत मोठे किंवा सर्वांत चपळ पिल्लू घेण्याचा मोह टाळला आणि आकाराने एकसारखी पिल्ले घेतली. आकारात थोडाही फरक असला तर मोठ्याला जास्त घास मिळतो, त्यामुळे तो आणखी मोठा होतो आणि दरी वाढतच जाते.

१९ जानेवारी २०२३

शेपटीच्या परांना पहिल्या खाचा दिसल्या. निसर्गातही लहान पिरान्हा इतर माशांचे पर आणि खवले कुरतडून खातात. सोबत दुसरे मासे नसले की ही भूक भावंडांवरच भागवली जाते, म्हणून पाच ते दहा सेंटीमीटर लांबीचा हा काळ सर्वांत जोखमीचा मानला जातो.

‘भांडण’ या एका शब्दाने नोंद करून उपयोग नाही, म्हणून तीन वेगळे प्रकार ठरवले. पहिल्यात दोन मासे समोरासमोर येऊन थबकतात आणि एकजण मागे सरतो. दुसऱ्यात पाठलाग होतो, पण दात लागत नाहीत. तिसऱ्यात प्रत्यक्ष चावा घेतला जातो. पहिला प्रकार वाढला तर मी तो चांगलाच मानतो, कारण कोण वरचढ हे त्यातून जखमेविना ठरते. काळजी तिसऱ्याची करायची. याशिवाय दिवा लागण्यापूर्वी एका ठरावीक माशाच्या कल्ल्यांची झाकणे मिनिटात किती वेळा हलतात, हे मोजण्याचा परिपाठ ठेवला आहे. उपकरणाविना माशाची धास्ती आकड्यात धरण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

२ फेब्रुवारी २०२३

नोंदी एकत्र मांडल्यावर एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. दिवा पूर्ण तेजाने लागतो त्या वेळी मासे एका कोपऱ्यात दाटीवाटीने गोळा होतात, कल्ले जोरात चालतात, आणि चाव्यांपैकी बरेच त्या दाटीतच होतात. उघड्या उजेडात वरून येणाऱ्या पक्ष्याची भीती या माशांच्या रक्तात आहे. भीतीने ते एकमेकांच्या जवळ येतात आणि जवळ आल्यामुळे दात लागतात.

त्यानुसार प्रकाश मंद केला, तो हळूहळू वाढेल आणि हळूहळूच मावळेल अशी योजना केली, आणि पृष्ठभागावर सेरॅटॉप्टेरिस हे तरंगते नेचे सोडले. मागच्या व बाजूच्या काचांना बाहेरून गडद कागद लावला. तळाशी बदामाची वाळलेली पाने टाकली, ज्यांच्या अर्काने पाणी फिकट चहाच्या रंगाचे होते. ही पाने इथे पाकिटात बांधून विकत मिळतात. कोकणात अंगणाबाहेर आणि समुद्रकिनारी ज्या देशी बदामाचा पाचोळा रोज सकाळी झाडून काढतात त्याचीच ही पाने आहेत. तिकडे कोणी मत्स्यपालन करत असेल तर फवारणी न झालेल्या झाडाची, आपोआप गळून पूर्ण वाळलेली पाने धुऊन वापरावीत.

१८ मार्च २०२३

फरक पडला आहे. मासे आता टाकीच्या अर्ध्याहून अधिक लांबीत पसरून तरंगतात आणि सकाळचे कल्ल्यांचे मोजमाप उतरले आहे. राहिलेले चावे मुख्यतः अन्नाच्या वेळचे आहेत, त्यामुळे आजची नोंद अन्नाविषयी.

पिल्लांना दिवसातून दोन-तीनदा, पाच-सहा मिनिटांत संपेल इतकेच अन्न देतो. एकाच जागी अन्न टाकले की सर्वांत दांडगा मासा ती जागा बळकावतो आणि इतरांना त्याच्या तोंडासमोरून घास उचलावा लागतो, म्हणून तीन वेगवेगळ्या जागी एकाच वेळी टाकतो. तुकड्यांचा आकारही महत्त्वाचा ठरला. मोठा तुकडा टाकला की सगळे त्यावर तुटून पडतात आणि तुकड्याऐवजी शेजाऱ्याचे तोंड किंवा पर दाताखाली येतो. एका घासात गिळता येईल एवढे बारीक तुकडे केल्यावर असे अपघाती चावे जवळजवळ थांबले.

अन्नात सोललेली कोळंबी, शिंपल्यांचे मांस, पोलॉक माशाचे तुकडे आणि पिरान्हा हळूहळू स्वीकारतात त्या कोरड्या गोळ्या आहेत. गोल्डफिश आणि स्टिंटसारख्या काही माशांत थायमिनेज असते. ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते, आणि त्यांचाच मारा दीर्घकाळ केला तर पिरान्हांचे मज्जातंतू बिघडतात. जिवंत मासे टाकीत सोडून तमाशा पाहण्याच्या मी ठाम विरोधात आहे. त्यात त्या माशाचे विनाकारण हाल होतात, रोग आत येतात, आणि हालणारी प्रत्येक गोष्ट भक्ष्य असल्याची सवय नेमकी ज्या टाकीत नको तिथेच लागते. उपाशी ठेवल्याने मासे ‘खरे’ पिरान्हा होतात, असे म्हणणाऱ्यांनी उपाशी टाकीतले फाटलेले पर जवळून पाहावेत.

उरलेले अन्न खाऊन होताच काढतो. टाकीत हात घालत नाही, त्यासाठी लांब दांड्याचा चिमटा वापरतो. दर आठवड्याला चाळीस टक्के पाणी बदलतो.

२९ एप्रिल २०२३

डाव्या बाजूच्या माशाने टाकीचा जवळजवळ अर्धा भाग ताब्यात घेतला आहे. याच्या पाठीच्या पराच्या टोकाला एक जुनी खाच आहे, म्हणून तो ओळखता येतो. बाकीचे सात उजवीकडे कोंडले गेले आहेत आणि त्यांच्यात पुन्हा चावे वाढले आहेत. हा मासा काढावा का, हा प्रश्न आज सोडवायचा होता.

काढण्याच्या बाजूने एवढेच म्हणता येते की परिणाम ताबडतोब दिसतो. पण तो टिकेल असे मानायला आधार नाही. आठांच्या गटात पहिल्या जागेची चुरस राहणारच. पहिला गेला की दुसरा ती जागा घेण्यासाठी झगडतो आणि तोवर ठरलेली सगळी क्रमवारी नव्याने ठरते, म्हणजे चाव्यांची एक नवी फेरी सुरू होते. शिवाय या माशाने जखमा क्वचितच केल्या आहेत. तो पाठलाग करतो आणि परत फिरतो. जखमा उजवीकडच्या दाटीत होतात. दोष त्याच्या दांडगाईपेक्षा टाकीच्या मोकळेपणात आहे. एका टोकाला उभा राहून त्याला दुसऱ्या टोकापर्यंत सर्व काही दिसते, आणि दिसते त्या सगळ्यावर तो हक्क सांगतो.

म्हणून मासा आहे तिथेच ठेवून टाकीची मांडणी पूर्ण बदलली. झाडाच्या मुळांचे तीन मोठे, उभे तुकडे तळापासून जवळजवळ पृष्ठभागापर्यंत येतील असे लावले. त्यामुळे टाकीचे चार कप्पे पडले, पण कोणताही कप्पा बंद नाही. प्रत्येकाला आत-बाहेर जाण्याच्या दोन वाटा ठेवल्या आहेत. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण एकाच वाटेचा आडोसा पळणाऱ्या माशासाठी सापळा ठरतो. समोरच्या काचेलगत लांबच लांब मोकळी पट्टी सोडली, कारण हे मासे घोळक्याने पोहतात आणि सगळी टाकी लाकडांनी भरली तर तेही अवघड होते. पाण्याचा प्रवाह एका बाजूने जोरदार केला, त्यामुळे मासे प्रवाहाला तोंड देत एका दिशेने उभे राहतात आणि समोरासमोर येण्याचे प्रसंग कमी होतात.

६ मे २०२३

मांडणी बदलल्यावर पहिले दोन दिवस कोणाचीच हद्द ठरलेली नव्हती आणि चावे थोडे वाढले. त्यानंतर खाचेचा मासा एका कप्प्यात स्थिरावला. त्याच्या कप्प्यावरून कोणी गेले तर तो पुढे येतो, समोरचा वळतो, आणि दोघेही एकमेकांच्या नजरेआड होताच पाठलाग तिथेच संपतो. पूर्वी हाच पाठलाग टाकीच्या टोकापर्यंत चालत असे.

१४ मे २०२३

सर्वांत लहान माशाच्या शेपटीच्या बुडाशी खोल चावा आहे. पर फाटला तर तो काही आठवड्यांत भरून येतो, पण बुडाच्या मांसाला इजा झाली की बुरशीचा धोका असतो, म्हणून याला वेगळे करणे भाग होते.

जाळे वापरले नाही. पिरान्हा ते कुरतडतात, आणि दात जाळ्यात अडकले तर जबडा दुखावतो. दोन चिमट्यांनी हळूहळू वळवून त्याला प्लास्टिकच्या टबात घेतले. पाण्याबाहेर येताच त्याने भुंकल्यासारखा स्पष्ट आवाज काढला. लिएज विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये या प्रजातीचे तीन आवाज नोंदवले आहेत. समोरासमोर येताना भुंकण्यासारखा आवाज होतो. अन्नावरून झटापट होताना नगाऱ्यासारखा ठोका येतो, आणि पाठलागात जबडा आपटल्याचा हलका आवाज येतो. पहिले दोन वाताशयाभोवतीच्या (माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीभोवतीच्या) स्नायूंतून निघतात. हे मासे चावण्याआधी एकमेकांना इशारे देतात, याचा याहून चांगला पुरावा नाही. त्या इशाऱ्यांना प्रतिसाद देण्यापुरती जागा टाकीत असली पाहिजे.

जखमी मासा दुसऱ्या खोलीतल्या टाकीत नेला नाही. गटापासून काही आठवडे दूर राहिलेला मासा परत येतो तेव्हा त्याला परक्यासारखी वागणूक मिळते. त्यासाठी मोठ्या टाकीच्या उजव्या टोकाला छिद्रांचा ॲक्रिलिक पडदा लावून त्याला पलीकडे ठेवले आहे. पाणी तेच राहते, आणि पलीकडचे मासे त्याला दिसत व जाणवत राहतात. पाणी दोन-तीन दिवसांआड बदलत आहे. बुरशीचा कापसासारखा पुंजका दिसला तरच औषध देईन.

१७ जून २०२३

जखम भरली. परत सोडण्याआधी लाकडे थोडी सरकवली, जेणेकरून त्या दिवशी कोणालाच आपल्या हद्दीची खात्री राहू नये. सर्वांना भरपेट खाऊ घातले, दिवा विझवला आणि मग पडदा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घोळक्यात होता, अंगावर नवी खूण नव्हती.

९ सप्टेंबर २०२३

मासे बारा-तेरा सेंटीमीटरचे झाले आहेत आणि पोटाचा लाल रंग भरला आहे. तापमान २७ अंशांवरून २५ वर आणले. थंड रक्ताच्या प्राण्यात तापमान उतरले की चयापचय मंदावतो आणि भूकही कमी होते. या वयात वाढीची घाई करण्याचे कारण नाही, म्हणून अन्नही दिवसाआड केले आहे. चावे आता क्वचित दिसतात.

१० डिसेंबर २०२३

पुण्याहून एका नातेवाइकांनी त्यांच्या टाकीतल्या ‘पिरान्हा’चा फोटो पाठवून या नोंदींतले उपाय त्यांना लागू पडतील का, असे विचारले. फोटोतला मासा पिरान्हा नसून लाल पोटाचा पाकू आहे. महाराष्ट्रातल्या मासळी बाजारात रूपचंद म्हणून विकला जातो तोच हा. लहानपणी त्याचे रूप पिरान्हाशी बेमालूम जुळते आणि भारतात दुकानांतून तो पिरान्हा या नावाने सर्रास खपवला जातो. ओळख दातांवरून पटते. पिरान्हाचे दात त्रिकोणी, धारदार आणि एकमेकांत बसणारे असतात आणि त्याचा खालचा जबडा पुढे आलेला असतो, तर पाकूचे दात फळे व बिया फोडण्यासाठी माणसाच्या दाढांसारखे सपाट असतात.

त्यांना कळवले की त्यांची अडचण चाव्यांची नसून आकाराची आहे. हा मासा पाऊण मीटरच्या पुढे वाढू शकतो, आणि त्यांच्या तीन फुटी टाकीत तो मावणार नाही. तो नदीत, तलावात किंवा विहिरीत मात्र मुळीच सोडू नये. तिथल्या माशांवर त्याचा भार पडतो आणि एकदा सोडलेला मासा परत आणता येत नाही. दुकानदाराला परत द्यावा, किंवा मोठे तळे सांभाळणाऱ्या मत्स्यपालकाला द्यावा.

१६ मार्च २०२४

खाचेचा मासा आणि आणखी एक असे दोघे काळवंडले आहेत, पोटाचा लाल रंग जवळजवळ दिसेनासा झाला आहे. ते टाकीच्या डाव्या कप्प्यात गोल फिरतात आणि वाळूत तोंडाने उथळ खळगा करतात. हा विणीचा रंग आहे, आणि या आक्रमकतेचा प्रकार वेगळा आहे. आजवरचे चावे भीतीतून, भुकेतून किंवा दाटीतून आले. आता घरट्याचे रक्षण आहे, आणि त्यात इशारा आणि चावा यांच्यामधले अंतर फारच कमी होते. त्यामुळे पूर्वीचे उपाय इथे अपुरे आहेत.

छिद्रांचा पडदा ठेवणीतून पुन्हा बाहेर काढला आणि टाकीचा डावीकडचा एक-तृतीयांश भाग वेगळा होईल असा लावला. जोडी एकीकडे, सहा जण दुसरीकडे, आणि फिल्टरचे पाणी दोन्हीकडे खेळते. तळ साफ करताना डावी बाजू वगळत आहे, कारण जोडी चिमट्यावरही धावून येते आणि काचेला तोंड आपटते.

२३ मार्च २०२४

खळग्यात फिकट केशरी अंडी आहेत आणि दोघेही त्यांवर पाळत ठेवून आहेत. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, आणि पिल्ले पोहू लागली की त्यांच्यातच कुरतडाकुरतडी सुरू होते. शेकडो पिल्लांना एकमेकांपासून वाचवण्याइतक्या टाक्या माझ्याकडे नाहीत आणि इतक्या पिरान्हांना जबाबदारीने सांभाळणारी घरेही माझ्या माहितीत नाहीत, म्हणून अंडी सायफनने काढून घेत आहे. जोडीचा रंग उतरून पोट पुन्हा लाल होईपर्यंत पडदा राहील. तो काढण्यापूर्वी लाकडे सरकवणे, भरपेट अन्न आणि अंधार हा जूनमधलाच क्रम पाळायचा, आणि तापमान तोवर २४ अंशांवर ठेवायचे.